सार्वजनिक वाहतुकीच्या तंत्रज्ञानात सॉफ्टवेअर आर्किटेक्ट: नागपुरात राहून हा मार्ग धरता येईल का?

अ‍ॅक्वा_प्रवासी

सर्व सदस्यांना नमस्कार. मी नागपुरातील एका कंपनीत जवळपास दशकभर विमा क्षेत्राच्या सॉफ्टवेअरवर काम करते आहे. सध्या दावे निकाली काढणाऱ्या एका मोठ्या प्रणालीच्या रचनेची जबाबदारी माझ्याकडे आहे. जावा, डेटाबेस, क्लाउड आणि एका प्रणालीतून दुसऱ्या प्रणालीत हिशेब चुकू न देता पोहोचवणे, हे माझे रोजचे काम आहे. येणेजाणे मेट्रोच्या अ‍ॅक्वा मार्गिकेने होते आणि सीताबर्डीहून (बर्डीहून) पुढे बहुधा ‘आपली बस’ ही शहर बससेवा असते. गाडी कुठे आहे हे फलकाला कसे कळते, कार्ड टेकवल्यावर दार उघडायचे की नाही हे कोण ठरवते, वेळापत्रक कोण आणि कसे बांधते, हे प्रश्न आता कुतूहलापुरते राहिलेले नाहीत. पुढची वर्षे याच कामात घालवावीत, असे मनापासून वाटू लागले आहे.

या क्षेत्रातील जाणकारांना विचारायचे आहे की इथे आर्किटेक्ट, म्हणजे प्रणालीचा रचनाकार, नेमके कोणते निर्णय घेतो. विम्यातील अनुभव तिथे धरला जातो, की पुन्हा पहिल्या पायरीवर उभे राहावे लागते? आणि घर नागपुरात आहे, आईवडील इथेच आहेत. शहर न सोडता हे जमण्यासारखे आहे का? पगाराविषयीही स्पष्ट लिहावे, संकोच करू नये.

बर्डीकर

ताई, विचार उत्तम आहे. मात्र आधी एक ठरवा. ‘वाहतुकीचे सॉफ्टवेअर’ या नावाखाली किमान पाच वेगळी क्षेत्रे येतात: भाडे वसुली, वेळापत्रक व कर्मचाऱ्यांच्या ड्युट्या, गाड्यांचा मागोवा व प्रवासी माहिती, सिग्नल व नियंत्रण, आणि आगारातील देखभाल. यातल्या एकातला तज्ज्ञ दुसऱ्यात नवखा असतो. तुमचा ओढा कुठे आहे?

तिकीटद्वार

मी भाडे वसुली प्रणालींच्या रचनेत बरीच वर्षे आहे, म्हणून माझ्या बाजूचे सविस्तर लिहितो. मेट्रोच्या स्वयंचलित भाडे वसुलीत साधारणपणे पाच थर मानतात. सर्वांत खाली प्रवाशाच्या हातातले कार्ड किंवा क्यूआर तिकीट, त्यावर ते वाचणारे द्वार, त्यावर स्थानकातला संगणक, मग संस्थेची मध्यवर्ती प्रणाली आणि शेवटी अनेक संस्थांमधला हिशेब मिटवणारे समाशोधन केंद्र. विमा किंवा बँकेतून येणाऱ्या माणसाला वरचे दोन थर पाहताक्षणी ओळखीचे वाटतात. नोंदी जुळवणे, फरक शोधणे, कोणाचे किती देणे हे ठरवणे, यात आपला अनुभव पहिल्या दिवसापासून उपयोगी पडेल. घोडे अडते ते खालच्या दोन थरांत.

लंडनमध्ये संपर्करहित बँक कार्डे डिसेंबर २०१२ पासून बसमध्ये आणि सप्टेंबर २०१४ पासून भुयारी रेल्वेत स्वीकारली जाऊ लागली. द्वाराने अर्ध्या सेकंदात निर्णय द्यावा, अशी तिथे अट होती, कारण त्याहून उशीर झाला तर गर्दीच्या वेळी मागे माणसे तुंबतात. एवढ्या वेळात बँकेकडून उत्तर येईल, याची हमी कोणीही देऊ शकत नाही. म्हणून द्वार फक्त नाकारलेल्या कार्डांची स्वतःजवळची यादी पाहते आणि प्रवाशाला आत सोडते. दिवसभराच्या प्रवासांची गोळाबेरीज नंतर मध्यवर्ती प्रणालीत होते आणि मग पैसे वळते होतात. आपल्याकडे ४ मार्च २०१९ रोजी आलेल्या नॅशनल कॉमन मोबिलिटी कार्डाने दुसरी वाट धरली. त्यात प्रवासासाठीची शिल्लक कार्डाच्या चिपमध्येच राहते, प्रवेशाची नोंदही चिपवर लिहिली जाते आणि बाहेर पडताना द्वार ती नोंद वाचून भाडे स्वतः काढते व कापून घेते. त्या क्षणी नेटवर्क असो वा नसो, प्रवासी अडकत नाही.

आता तो अर्धा सेकंद जवळून पाहा. कार्ड वाचणाऱ्या यंत्राच्या चुंबकीय क्षेत्रातून कार्डाला वीज मिळते, दोघे एकमेकांची ओळख पटवतात, शिल्लक आणि मागची नोंद वाचली जाते, भाडे ठरते आणि नवी नोंद लिहिली जाते. नेमक्या या लिहिण्याच्या वेळी प्रवासी हात मागे घेतो, कारण त्याला घाई असते. लेखन अर्धवट राहिले, तर कार्डावर जुनी अवस्था संपूर्ण टिकली पाहिजे किंवा नवी संपूर्ण उमटली पाहिजे. मधले काही राहता कामा नये. ती काळजी चिप घेते. परंतु पैसे कापले गेले आणि द्वाराला त्याची पोच मिळालीच नाही, अशी स्थिती तरीही उरते. तोच प्रवासी पुन्हा कार्ड टेकवतो, तेव्हा त्याला दुसऱ्यांदा भुर्दंड न पडता दार उघडले पाहिजे. हा निर्णय रचनाकाराचा असतो, आणि तो द्वारे बसवण्याच्या कितीतरी आधी घ्यावा लागतो.

निवृत्त_नियंत्रक

मी एसटीत वाहतूक नियंत्रक म्हणून नोकरी करून निवृत्त झालो. संगणकातले मला फारसे समजत नाही, परंतु संगणकवाले आमच्याकडे येऊन काय विचारत आणि काय विचारायचे राहून जाई, हे मी जवळून पाहिले आहे. तिकीटद्वार यांनी द्वाराबद्दल लिहिले ते पटले. मात्र महाराष्ट्रातला मोठा प्रवासी वर्ग कोणत्याही द्वारातून जात नाही. तो गाडीत बसतो आणि वाहक त्याच्यापाशी येतो.

आमच्याकडे भाडे टप्प्यावर चालते आणि एक टप्पा ६ किलोमीटरचा असतो. त्यावर सवलतींचे थर येतात. २६ ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्या ज्येष्ठांना मोफत प्रवास सुरू झाला आणि १७ मार्च २०२३ पासून महिलांना निम्मे भाडे झाले. वर्तमानपत्रात ही एका ओळीची बातमी असते. यंत्रांच्या बाजूने पाहा. प्रत्येक वाहकाच्या हातातल्या तिकीट यंत्रात नवा नियम पोहोचायला हवा आणि तो नेमून दिलेल्या तारखेलाच लागू व्हायला हवा. मुक्कामी गाडीचा वाहक आदल्या संध्याकाळी आगारातून निघतो, रात्र खेड्यात काढतो आणि पहाटे तिथूनच परतीची फेरी सुरू करतो. तिथे नेटवर्क असेलच असे नाही. नियम मध्यरात्री बदलणार असेल, तर तो त्याच्या यंत्रात आदल्या दिवशीच, पुढच्या तारखेसह भरलेला असला पाहिजे. शिवाय मोफत प्रवास करणाऱ्यालाही शून्य रुपयांचे तिकीट द्यावेच लागते, कारण सवलतीची रक्कम शासनाकडून मागताना कोणत्या प्रकारचे किती प्रवासी बसले, याचा हिशेब त्याच तिकिटांवरून निघतो. जो रचनाकार ‘रक्कम शून्य, म्हणजे व्यवहारच नाही’ असे गृहीत धरेल, तो महामंडळाचा महसूल बुडवेल.

अ‍ॅक्वा_प्रवासी ताई, माझा सल्ला वयाच्या अधिकाराने देतो. कोणतीही परीक्षा देण्याआधी एखाद्या आगारात परवानगी काढून बसा. पहाटे गाड्या बाहेर पडतात ती वेळ पाहा आणि रात्री वाहक रोकड व वे-बिल (फेरीतील तिकिटांच्या हिशेबाचा कागद) जमा करतात ती खिडकी पाहा.

मिहानकर

निवृत्त_नियंत्रक काका, तुमच्याविषयी पूर्ण आदर ठेवून मी या धाग्यातील उत्साहाला थोडा विरोध करणार आहे. मी या क्षेत्रात काही वर्षे काढली आणि आता बाहेर आहे. इथला ग्राहक बहुतेक वेळा सरकारी असतो, काम निविदेने मिळते आणि किंमत निर्णायक ठरते. मी ज्या पुरवठादाराकडे होतो, तिथे निविदा भरताना दर इतके खाली आणले गेले होते, की पुढे रचनेसाठी वेळच उरला नाही. ‘आर्किटेक्ट’ हे पद होते; प्रत्यक्षात तीन तयार उत्पादने एकमेकांना जोडणे आणि ती का जुळत नाहीत याची पत्रे लिहिणे, हे माझे काम होते. देयके रखडत, त्यामुळे पगारवाढही रखडे. त्याच अनुभवाच्या माझ्या मित्रांना बँकिंग उत्पादनांत माझ्यापेक्षा स्पष्टपणे अधिक मिळत होते. ताईंनी पगाराविषयी विचारले आहे म्हणून लिहितो: विम्यातील मोठ्या परदेशी ग्राहकाचे काम सोडून देशी वाहतूक पुरवठादाराकडे जाताना पगार घटण्याची तयारी ठेवा. हातचे सोडण्याआधी घरचा हिशेब मांडा.

दुसरे असे, की एकदा बसवलेली प्रणाली दहा-दहा वर्षे चालवावी लागते. ज्यांना दर दोन वर्षांनी नवे तंत्रज्ञान हाताळायला आवडते, त्यांचा इथे कोंडमारा होतो.

सिग्नलवाला

मिहानकर यांचा दुसरा मुद्दा मला उलट बाजूने महत्त्वाचा वाटतो. प्रणाली दशकभर चालणार हे ठाऊक असेल, तर तिचे भाग कसे बदलता येतील याचा विचार आधी करावा लागतो. रचनाकाराची खरी गरज तिथेच असते.

बर्डीकरांच्या यादीतील सिग्नल व नियंत्रण या भागाबद्दल एक इशारा देणे आवश्यक आहे. गाडीला पुढे जाण्याची मुभा देणारे सॉफ्टवेअर ही संपूर्ण वेगळी शाखा आहे. मेट्रोत गाडी आणि मार्गालगतची उपकरणे यांचा रेडिओवरून सतत संवाद चालणारी सीबीटीसी पद्धत असो किंवा गाड्यांची टक्कर टाळणारी भारतीय रेल्वेची ‘कवच’ असो, त्यांच्या सुरक्षेचा दर्जा एसआयएल-४ हा सर्वोच्च स्तर असतो. युरोपीय मानकांपैकी ईएन ५०१२६ संपूर्ण जीवनचक्रासाठी, ईएन ५०१२८ सॉफ्टवेअरसाठी (२०२३ मध्ये त्याच्या जागी ईएन ५०७१६ आले) आणि ईएन ५०१२९ इलेक्ट्रॉनिक प्रणालींसाठी आहे. तिथे ज्याने संहिता (कोड) लिहिली, त्यानेच ती तपासून मान्य करावी हे चालत नाही. तपासणाऱ्याचे स्वातंत्र्य मानकातच लिहिलेले असते. विमा प्रणालीतला माणूस थेट तिथे रचनाकार होऊ शकत नाही आणि होऊही नये.

परंतु या शाखेच्या सीमेवर मोठे काम आहे. गाडी कोणत्या स्थानकाकडे येत आहे ही माहिती सिग्नल प्रणालीला आधी कळते आणि फलाटावरच्या फलकाला ती हवी असते. ही माहिती आतून बाहेर यावी, पण बाहेरून आत काहीही जाऊ नये, अशी एकतर्फी वाट बांधावी लागते. प्रवाशांच्या मोबाइल अ‍ॅपमधला एखादा दोष गाडीच्या नियंत्रणापर्यंत पोहोचण्याची शक्यताच उरू नये, हे रचनेनेच सिद्ध करून दाखवायचे असते. या सीमेवर दोन्ही बाजूंची भाषा जाणणारी माणसे फार कमी आहेत.

नकाशावेडी

मला प्रवासी माहितीच्या बाजूने लिहायचे आहे, कारण घरी बसून आणि कोणाची परवानगी न मागता शिकता येण्यासारखा हाच भाग आहे. वेळापत्रके देण्याघेण्याचे जीटीएफएस नावाचे एक खुले स्वरूप आहे. गूगल आणि अमेरिकेतील पोर्टलंड शहराची ट्रायमेट ही वाहतूक संस्था यांनी २००५ मध्ये त्याची सुरुवात केली आणि आज जगभरातल्या संस्था ते वापरतात. थांबे, मार्ग, फेऱ्या, प्रत्येक थांब्यावरच्या वेळा आणि कोणत्या दिवशी कोणती सेवा, एवढ्या साध्या मजकूर फायलींत अख्खे शहर मावते. दिल्लीत परिवहन विभाग आणि आयआयआयटी-दिल्ली यांनी २०१८ मध्ये खुला वाहतूक डेटा उपलब्ध करून दिला. तो उतरवून घ्या, ओपनट्रिपप्लॅनर हे प्रवासाचे मार्ग शोधणारे खुले सॉफ्टवेअर आपल्या संगणकावर चालवा आणि प्रवासाचा मार्ग काढून पाहा. मग राप्टर ही २०१२ मध्ये मांडलेली पद्धत वाचा. पदवीच्या वर्गात आपण सर्वांत कमी अंतराचा मार्ग शिकतो. वेळापत्रकात तो जसाच्या तसा उपयोगी पडत नाही, कारण जवळचा रस्ता असून गाडी निघून गेलेली असेल तर तो लांबचाच. राप्टर एकेका गाडी बदलण्यागणिक फेरी करत पुढे जाते आणि ‘एक गाडी बदलून एवढ्या वाजता, दोन बदलून एवढ्या वाजता’ असे पर्याय शेजारी शेजारी ठेवते. प्रवासी मनातल्या मनात याच पद्धतीने विचार करतो.

आता नागपूरचे एक उदाहरण. वर्धा रोडवरचा ३.१४ किलोमीटरचा दुमजली पूल सर्वांना माहीत आहे: खाली रस्ता, त्यावर उड्डाणपूल आणि त्याहीवर मेट्रो. बसमधील जीपीएस यंत्राच्या दृष्टीने ही तिन्ही ठिकाणे जवळपास एकच आहेत. पुलाखालून जाणाऱ्या बसला आकाश दिसत नाही. संकेत खांबांवर आपटून येतात आणि बिंदू शेजारच्या गल्लीत उमटतो. उंचीचा आकडा तर विसरूनच जावा, तो त्याहून कच्चा असतो. मग बस उड्डाणपुलावर चढली की खालून गेली, हे कसे ठरवायचे? एकेका बिंदूकडे पाहून ते कधीच ठरत नाही. मागचे-पुढचे बिंदू, वेग, ठरलेला मार्ग आणि ‘या बसला खालचे थांबे घ्यायचे आहेत’ ही माहिती एकत्र घेऊन सर्वाधिक संभाव्य रस्ता निवडावा लागतो. खालून जाणारी बस सिग्नलला थांबते, वरून जाणारी थांबत नाही. हा साधा फरकही मोठी साक्ष देतो. गड्डीगोदामला तर रस्ता, रेल्वे, उड्डाणपूल आणि मेट्रो असे चार मजले आहेत.

प्रतापनगर

नकाशावेडी, यात थांब्यांच्या ओळखीचा प्रश्नही जोडा. रस्त्याच्या दोन बाजूंना असलेले एकाच चौकातील थांबे हे दोन वेगळे थांबे आहेत. व्हेरायटी चौकात चुकीच्या बाजूला उभ्या राहिलेल्या माणसाला वाहता रस्ता ओलांडेपर्यंत बस निघून गेलेली दिसते.

नकाशावेडी

अगदी बरोबर. आणि थांबा हलवला, तरी त्याचा जुना क्रमांक दुसऱ्या थांब्याला देऊ नये, कारण मागील वर्षांच्या सर्व नोंदी त्या क्रमांकाला चिकटलेल्या असतात. मारबतीच्या मिरवणुकीच्या दिवशी इतवारी-महाल भागातली वाहतूक वळवली जाते किंवा धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीकडे देशभरातून लोक येतात, तेव्हा थांबे तात्पुरते बंद असतात. ते यादीतून काढून टाकायचे नसतात, त्या दिवसापुरते सेवेबाहेर ठेवायचे असतात. जीटीएफएसच्या प्रत्यक्ष-वेळ आवृत्तीत अशा सूचनांसाठी स्वतंत्र सोय आहे.

अ‍ॅक्वा_प्रवासी

सर्वांचे मनःपूर्वक आभार. काकांचा शून्य रुपयांच्या तिकिटाचा मुद्दा वाचून मी माझ्या विमा प्रणालीत पुन्हा डोकावले. तिथेही शून्य रकमेचा दावा नोंदवला जातोच, आणि त्यामागची कारणेही बरीचशी तीच आहेत. बर्डीकर, आपल्या प्रश्नाचे उत्तर: माझा ओढा भाडे वसुली आणि संस्थांमधील हिशेब याच भागाकडे आहे. मिहानकर यांनी पगाराविषयी जे लिहिले, ते घरी बोलून पाहिले. काही प्रमाणात घट सोसता येईल. सरकारी संस्थांत थेट प्रवेश शक्य असतो का?

बर्डीकर

रेल्वेची आरक्षण, मालवाहतूक आदी सॉफ्टवेअर सांभाळणारी क्रिस ही संस्था १९८६ पासून आहे. तिथे सुरुवातीच्या पदांची भरती ‘गेट’ या अभियांत्रिकीच्या राष्ट्रीय परीक्षेच्या गुणांवरून होत आली आहे, परंतु तो दरवाजा नवपदवीधरांसाठी आहे. आपल्या अनुभवाच्या व्यक्तीने पुरवठादार कंपनी, सल्लागार संस्था किंवा मेट्रो महामंडळांच्या अनुभवी पदांच्या जाहिराती यांकडे पाहावे. सीडॅक या केंद्र सरकारच्या संगणक संशोधन संस्थेनेही कॉमन मोबिलिटी कार्डाच्या भाडे वसुली प्रणालीवर काम केले आहे. त्यांच्या प्रकल्प पदांवरही लक्ष ठेवावे.

निविदावाचक

मिहानकर यांचा राग मला समजतो, परंतु निष्कर्ष मान्य नाही. मी सल्लागाराच्या बाजूने, म्हणजे निविदेचा तांत्रिक मसुदा लिहिणाऱ्यांत काम करतो. पुरवठादाराकडे आर्किटेक्ट हतबल का होतो? कारण महत्त्वाचे निर्णय तो येण्याआधीच निविदेत झालेले असतात, किंवा झालेलेच नसतात. डेटा कोणाच्या मालकीचा, तो कोणत्या स्वरूपात आणि किती वेळात मिळाला पाहिजे, तिकीट यंत्र आणि मध्यवर्ती प्रणाली यांच्यातील संवादाचे तपशील प्रसिद्ध केले जातील की नाही, कंत्राट संपल्यावर मागची सगळी नोंद नव्या पुरवठादाराकडे कशी सोपवायची, मूळ संहिता त्रयस्थाकडे सुरक्षित ठेवायची का, हे प्रश्न रचनेचेच आहेत. त्यांची उत्तरे मात्र कायदेशीर परिच्छेदांत लिहिली जातात. ‘प्रणाली खुली असावी’ हे वाक्य निविदेत लिहून काहीही साधत नाही. त्याऐवजी ‘प्रत्येक बसचे स्थान ठरावीक सेकंदांनी या खुल्या स्वरूपात संस्थेच्या स्वतःच्या सर्व्हरवर पोहोचले पाहिजे आणि ते पोहोचले नाही तर देयकातून एवढी कपात होईल’ असे लिहिले, तर पुढच्या दहा वर्षांत कोणतीही दुसरी कंपनी त्यावर काम करू शकते.

दंडाच्या अटींबद्दलही रचनाकाराने बोलले पाहिजे. ‘प्रणाली ९९.९ टक्के उपलब्ध हवी’ असे सरसकट लिहिले जाते. मध्यवर्ती सर्व्हर तासभर बंद पडला तरी द्वारे स्वतःच्या बळावर चालत राहिली, तर प्रवाशाचे काहीही बिघडत नाही. उलट सर्व्हर चालू आहे पण सकाळी साडेनऊला एका स्थानकावरची निम्मी द्वारे बंद आहेत, तर अटीप्रमाणे सर्व आलबेल आणि प्रवासी मात्र रांगेत. मोजायचे काय, हे ज्याला प्रवासी दिसतो त्यानेच ठरवावे. ताई, विम्यात तुम्ही करारातील अटी संगणकाच्या नियमांत उतरवता. इथे उलट दिशेने तेच करायचे आहे, आणि हे काम जाणणारे लोक या बाजूला हवेच आहेत.

मिहानकर

आपण लिहिलेल्या बाजूचा मला अनुभव नाही, आणि मुद्दा योग्य आहे. निविदेतच स्पष्टता असती, तर आम्हाला ती पत्रे लिहावी लागली नसती. पगाराविषयीचे माझे म्हणणे मात्र कायम आहे.

निवृत्त_नियंत्रक

कर्मचाऱ्यांच्या ड्युट्यांचा विषय कोणी काढला नाही, म्हणून लिहितो. १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने चालक-वाहकांसाठी दिवसाला ८ तास आणि आठवड्याला ४८ तास, सलग ५ तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती आणि कामाचा एकूण पसारा १२ तासांच्या आत, अशी चौकट घालून दिली. आमच्या वेळचे वेळापत्रक याच चौकटीत बसवावे लागे. संगणकाने काढलेल्या ड्युट्या कागदावर सुबक दिसत, एकही मिनिट वाया जात नसे. परंतु एक गाडी फाटकात दहा मिनिटे अडली की मागच्या चार ड्युट्या कोलमडत. मी चार्ट बांधताना ज्या फेरीवर उशीर ठरलेला, तिच्यापुढे मोकळीक सोडत असे. कोणत्या फेरीला उशीर होतो हे आता यंत्रांच्या नोंदींतून कळू शकते. ते वेळापत्रक बांधणाऱ्यापर्यंत परत पोहोचेल, अशी वाट तुम्ही लोकांनी बांधावी, ही माझी मनापासूनची विनंती आहे.

तिकीटद्वार

काकांचा हा मुद्दा मी माझ्या सहकाऱ्यांना वाचून दाखवणार आहे. आमच्याकडे फेरीतील उशिराची नोंद असते, पण ती महसुलाच्या अहवालात जाऊन पडते आणि तिथून पुढे कुठे जात नाही.

आता ताईंच्या मूळ प्रश्नाकडे येतो. आपल्याला पहिल्या पायरीवर उभे राहावे लागणार नाही, परंतु थेट मुख्य रचनाकाराचे पदही लगेच मागू नये. हिशेब मिटवणे आणि नोंदी जुळवणे या भागाचे नेतृत्व घेऊन प्रवेश करावा. तिथे आपण आजही निष्णात आहात, आणि त्या जागेवरून खालचे थर रोज नजरेसमोर राहतात. द्वारे व तिकीट यंत्रे बनवणाऱ्या लोकांबरोबर चाचणी कक्षात बसण्याची एकही संधी सोडू नये. उन्हाळ्यात ४५ अंशांवर बसमधले यंत्र कसे वागते, बॅटरी किती टिकते, भर दुपारच्या उन्हात पडद्यावरचा आकडा वाहकाला दिसतो का, हे कार्यालयात बसून कळत नाही आणि नागपुराइतकी चांगली चाचणीची जागा दुसरी नाही.

शहराविषयी प्रामाणिकपणे सांगतो. अशा प्रणाली बांधणारे बहुतेक गट बंगळुरू, पुणे, मुंबई आणि दिल्ली परिसरात आहेत. मध्यवर्ती प्रणालीचे काम दूर राहून करू देणारे गट आता आहेत, मात्र प्रणाली प्रत्यक्ष सुरू करण्याच्या काळात काही आठवडे प्रकल्पस्थळी मुक्काम ठरलेलाच. वर्षातून काही काळ बाहेर राहण्याची तयारी असेल, तर घर नागपुरात ठेवून हे काम करता येते; मी अमरावतीहून करतो.

अ‍ॅक्वा_प्रवासी

तिकीटद्वार, नेमके हेच जाणून घ्यायचे होते. काकांच्या सल्ल्याप्रमाणे एका आगाराला परवानगीसाठी अर्ज देत आहे, आणि दिल्लीचा डेटा उतरवून घेतला आहे. तो चाळताना एक शंका आली. समजा, मेट्रोतून उतरून अर्ध्या तासात बस घेतल्यास भाड्यात सूट द्यायची आहे, परंतु बसमधले यंत्र दिवसभर नेटवर्कबाहेर राहिले आणि त्याची नोंद रात्री आली. मग सूट कोणी आणि केव्हा ठरवायची?

तिकीटद्वार

शिल्लक कार्डावरच असेल, तर मेट्रोतून बाहेर पडल्याची वेळ व स्थानक द्वाराने कार्डावर लिहून ठेवायचे. बसमधले यंत्र ते वाचून जागच्या जागी सूट देते आणि मध्यवर्ती प्रणाली नंतर फक्त पडताळणी करते. बँक कार्डासारखे, भाडे मागून काढले जाणारे साधन असेल, तर यंत्राने भाडे ठरवूच नये. ‘हे कार्ड, या थांब्यावर, या वेळी’ एवढीच न बदलता येणारी नोंद पाठवावी. मध्यवर्ती प्रणालीने उशिरा येणाऱ्या नोंदींसाठी ठरावीक मुदत थांबावे, सर्व नोंदी घडल्याच्या वेळेनुसार लावाव्यात आणि मगच भाडे काढावे. मुदतीनंतर आलेल्या नोंदीमुळे भाडे कमी होत असेल, तर परतावा द्यावा. वाढत असेल, तर प्रवाशाकडून मागू नये. प्रत्येक नोंदीत घडल्याची वेळ आणि पोहोचल्याची वेळ अशा दोन वेळा वेगळ्या ठेवाव्यात. अर्थात, हे सारे यंत्राचे घड्याळ खरे असेल तरच चालते.

निवृत्त_नियंत्रक

ते घड्याळ आगारातच जुळवावे. यंत्र वाहकाच्या ताब्यात देताना वेळ लावून घ्यावी आणि तीच वेळ वे-बिलावर छापून दोघांच्या सह्या घ्याव्यात. वाद झाला, तर आधी तो कागद पाहतात.